एका अणूस हांक

नांव हें मनुष्यव्यवहारांतील किती मोठें साधन आहे, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. टपालवाला शेंकडों बिऱ्हाडांच्या आळींत शिरतो, पाकिटावरील नांव वाचतो आणि पत्र नेमक्या दारांत टाकतो. शाळेंत हजेरी घेतांना गुरुजी एक नांव उच्चारतात आणि चाळीस मुलांतून एकच मुलगा उभा राहतो. परंतु जेथें सर्वच व्यक्ति एका सांच्यांतून काढल्याप्रमाणें सारख्या आहेत, कोणालाहि नांव नाहीं, चेहरा नाहीं, आणि दोन शेजाऱ्यांमधील अंतर केसाच्या जाडीच्या चार हजाराव्या भागाइतकें आहे, तेथें एकालाच हांक कशी मारावी? सिलिकॉनच्या स्फटिकांत बसविलेल्या अणूंकडून गणितें करवून घेऊं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें १९९८ पासून उभा असलेला प्रश्न नेमका हाच आहे.

हा प्रश्न समजण्यासाठीं हे अणु कोणतें काम करणार आहेत, तें आधीं पाहिलें पाहिजे. नेहमींचा संगणक कितीहि चतुर वाटला, तरी त्याचें सारें ज्ञान ‘आहे’ आणि ‘नाहीं’ ह्या दोन शब्दांत सांठविलेलें असतें. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. पुढें सिलिकॉनच्या चकतीवर असे ट्रान्झिस्टर प्रथम थोडे, मग हजारों, आणि आज नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधि बसूं लागले आहेत. त्यांतील प्रत्येक ट्रान्झिस्टर ही जणूं दिव्याची एक कळ आहे. ती चालू असेल तर १, आणि बंद असेल तर ०. मधली अवस्था तिला नाहीं. ह्या एका अंकाच्या जागेला ‘बिट’ म्हणतात.

क्वांटम संगणकांतील कळ निराळ्या जातीची आहे. इलेक्ट्रॉन हा एका अत्यंत सूक्ष्म चुंबकाप्रमाणें वागतो आणि हा गुण जणूं त्याच्या स्वतःभोंवतीं फिरण्यांतून आला आहे, ही कल्पना १९२५ सालीं उलेनबेक आणि गाउडस्मिट ह्या दोन तरुण शास्त्रज्ञांनीं हॉलंडमध्यें मांडली. ह्या गुणाला परिवलन म्हणतात. बलवान चुंबकाच्या क्षेत्रांत इलेक्ट्रॉन ठेवून त्याची दिशा मोजली, तर ती क्षेत्राच्या बाजूची किंवा त्याच्या अगदीं उलट, अशी दोनच प्रकारची आढळते. एकीला ० आणि दुसरीला १ म्हटलें कीं झाला बिट. परंतु मोजमाप होण्यापूर्वीं ह्या दोन्ही अवस्थांचें वाटेल त्या प्रमाणांतील मिश्रणहि शक्य असतें. पृथ्वीचा गोल डोळ्यांपुढें आणावा. उत्तर ध्रुव म्हणजे ० आणि दक्षिण ध्रुव म्हणजे १. साध्या बिटाला हे दोन ध्रुवच मोकळे आहेत. इलेक्ट्रॉनचा बाण मात्र गोलावरील कोणत्याहि स्थळाकडे रोखलेला असूं शकतो. अशा बाणाला ‘क्युबिट’ म्हणतात, आणि त्यावर हुकमत चालविणें म्हणजे तो ठरलेल्या दिशेनें, ठरलेल्या कोनांतून, ना रेसभर कमी ना रेसभर अधिक, वळविणें.

एकट्या क्युबिटांत मोठा चमत्कार नाहीं. चमत्कार आहे तो समुदायांत. दोन क्युबिटांची एकत्र स्थिति सांगावयास चार संख्या लागतात, तिघांची सांगावयास आठ, आणि दहांची सांगावयास १०२४. ह्याच हिशोबानें ३०० क्युबिटांची स्थिति पूर्णपणें लिहून काढूं म्हटलें, तर दृश्य विश्वांत जितके अणु असतील त्यांहून अधिक संख्या लिहाव्या लागतील. अर्थात् हें सारें भांडार एकदम लुटतां येत नाहीं. मोजमाप होतांच प्रत्येक बाण कोणत्या तरी एका ध्रुवावर जाऊन पडतो. कौशल्य आहे तें असें कीं, चुकीच्या उत्तरांकडे नेणारे प्रवाह परस्परांस पुसून टाकतील आणि बरोबर उत्तराकडे नेणारे परस्परांस बळ देतील, अशा क्रमानें बाण वळवीत न्यावयाचे. निसर्गांतील सूक्ष्म व्यवहारांची हुबेहूब नक्कल करावयाची असेल, तर यंत्रहि त्याच नियमांनीं चालणारें हवें, असें रिचर्ड फाइनमन ह्यांनीं १९८१ सालीं प्रतिपादन केलें. १९९४ सालीं पीटर शोर ह्यांनीं मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची अशी रीत दाखविली कीं, ती चालविणारें यंत्र पुरेसें मोठें झालें, तर अवयव काढण्याच्या अवघडपणावर विसंबलेलीं गुप्त लेखनाचीं कुलपें उघडूं शकतील. औषधी द्रव्यांचे व खतांच्या रसायनांचे रेणु समजावून घेण्याची आशाहि ह्याच यंत्राशीं निगडित आहे. तेव्हां बाण वळविण्याचा हा खटाटोप केवळ प्रयोगशाळेंतील करमणूक नव्हे.

असे बाण अनेक प्रकारांनीं मिळवितां येतात. कोणी निर्वात पोकळींत विद्युद्भारित अणु अधांतरीं टांगतात, तर कोणी अतिवाहक धातूंचीं मंडलें वापरतात. १९९८ च्या मे महिन्यांत ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत ब्रूस केन ह्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. केन त्या वेळीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं न्यू साउथ वेल्स विद्यापीठांत काम करीत होते. त्यांचें म्हणणें असें कीं, मनुष्यानें सर्वांत अधिक पारखलेला स्फटिक जर सिलिकॉनचा आहे, तर नवें यंत्रहि त्यांतच कां उभारूं नये? सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला बाहेरच्या बाजूस चार इलेक्ट्रॉन असतात आणि ह्या चार हातांनीं तो चार शेजाऱ्यांना धरून असतो. फॉस्फरसच्या अणूला असे पांच हात आहेत. त्याला सिलिकॉनच्या रांगेंत बसविलें, तर चार हात शेजाऱ्यांत गुंततात आणि पांचवा इलेक्ट्रॉन मोकळा राहून अणूच्या केंद्राभोंवतीं विरळ ढगाप्रमाणें कांहीं नॅनोमीटरपर्यंत पसरतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कडक थंडींत हा इलेक्ट्रॉन आपलें घर सोडीत नाहीं. त्याचें परिवलन हा एक क्युबिट होतो, आणि ढगाच्या पोटांत बसलेल्या फॉस्फरसच्या केंद्राचें परिवलन हा दुसरा. हा दुसरा अधिक शांत स्वभावाचा, म्हणून केन ह्यांनीं मुख्य क्युबिट म्हणून केंद्रच निवडलें. असे फॉस्फरसचे अणु एकमेकांपासून दहा-वीस नॅनोमीटर अंतरावर ओळीनें पुरावे, अशी त्यांची योजना होती.

ह्या योजनेंत एक मोठी सोय होती. कारागिरानें घडविलेल्या दोन वस्तु कधींच तंतोतंत सारख्या नसतात. सोनाराच्या दोन मण्यांतहि गुंजेचा फरक पडतो. पण निसर्गाच्या टांकसाळींतून निघालेले फॉस्फरसचे सारे अणु एकाच छापाचे असतात. कित्येक मूलद्रव्यांत निरनिराळ्या वजनांचे, म्हणजे निरनिराळे समस्थानिक, अणु मिसळलेले असतात. फॉस्फरसचा टिकाऊ समस्थानिक तर एकच आहे. म्हणजे क्युबिट घडविण्याचा आणि ते एकसारखे करण्याचा त्रास वांचला. परंतु प्रारंभीं सांगितलेली अडचण ह्याच सोयीच्या पोटांतून जन्मास आली. जे सारे सारखे आहेत, ते एकाच हांकेला सारेच ‘ओ’ देणार.

ही हांक कोणत्या स्वरूपाची असते, तें सतारीच्या उदाहरणानें चांगलें उमजतें. सतारीच्या मुख्य तारांखालीं तरफेच्या बारीक तारांची एक रांग असते. वादक त्यांना बहुधा हातहि लावीत नाहीं. पण वर जो स्वर छेडला जाईल, त्याच स्वरांत लावलेली तरफेची तार आपोआप झंकारूं लागते, आणि बाकीच्या जवळजवळ निश्चल राहतात. ह्यालाच अनुनाद म्हणतात. चुंबकीय क्षेत्रांत ठेवलेल्या परिवलनालाहि असा स्वतःचा स्वर असतो. एक टेस्ला बळाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारें वीस हजार पट बलवान अशा क्षेत्रांत इलेक्ट्रॉनचा हा स्वर सेकंदास सुमारें २८ अब्ज कंपनांचा असतो. फॉस्फरसच्या केंद्राचा स्वर त्याच क्षेत्रांत सुमारें १ कोटी ७२ लाख कंपनांचा असतो. नेमक्या त्याच कंपसंख्येची विद्युच्चुंबकीय लहर सोडली, म्हणजे बाण आपल्या जागेवरून ढळूं लागतो. लहर जितका वेळ चालू ठेवावी, तितका तो वळतो. ० चा १ होण्यास जो वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळांत लहर थांबविली, तर बाण बरोबर विषुववृत्तावर येऊन उभा राहतो. अणुकेंद्रांवर अनुनादाचा हा प्रयोग इझिडोर राबी ह्यांनीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९३८ सालींच करून दाखविला होता. पण राबी ह्यांचे अणु झोतानें वाहत होते. त्यांतील अमक्याच एकाला वळवावें, असा आग्रह तेथें नव्हता.

लहरच इतकी बारीक करतां येणार नाहीं काय कीं ती एकाच अणूवर पडेल? तसें होत नाहीं. सेकंदास ४० अब्ज कंपनें असलेल्या लहरीची लांबी साडेसात मिलिमीटर भरते, आणि दोन अणूंमधील अंतर जर वीस नॅनोमीटर असेल, तर लहर त्या अंतराच्या पावणेचार लाख पट लांब झाली. समुद्राच्या भरतीला किनाऱ्यावरील एकच शिंपला भिजवून शेजारचा कोरडा ठेवावयास सांगण्यासारखेंच तें आहे. तारेंतून प्रवाह सोडून अणूच्या अगदीं जवळ चुंबकीय क्षेत्र निर्माण केलें, तरी तें दूरवर पसरतें आणि शेजाऱ्यांना धक्का दिल्यावांचून राहत नाहीं.

केन ह्यांनीं हांकेचा नाद सोडून ऐकणाऱ्याच्या कानाकडे लक्ष वळविलें. सतारीच्याच भाषेंत सांगावयाचें, तर मुख्य तारेवर एकच स्वर अखंड वाजत ठेवावा. तरफेच्या सर्व तारा त्या स्वरापासून किंचित् उतरवून ठेवाव्या. जिला झंकारावयास लावावयाचें, तिचीच खुंटी क्षणभर पिळून तिला स्वरांत आणावें, आणि काम होतांच ती पुन्हां उतरवावी. अणूची खुंटी म्हणजे त्याच्या डोक्यावर, स्फटिकाच्या पृष्ठभागीं बसविलेली धातूची एक सूक्ष्म पट्टी. तिच्यावर विद्युद्दाब दिला, कीं खालील इलेक्ट्रॉनचा ढग केंद्रावरून किंचित् ओढला जातो. केंद्र आणि इलेक्ट्रॉन हे दोघेहि चुंबक असल्यानें त्यांच्यांत जी बांधणी असते, ती ढग सरकतांच थोडी सैल होते, आणि दोघांचेहि स्वर बदलतात. केन ह्यांनीं ह्या पट्टीला ‘ए गेट’ असें नांव दिलें. दोन अणूंच्या मधोमध बसणारी व त्यांच्या ढगांची परस्पर गांठ घालणारी दुसरी पट्टी, ती ‘जे गेट’.

रेडिओ ऐकणाऱ्या घरांत ही युक्ति रोजच्या परिचयाची आहे. ध्वनिक्षेपण केंद्र साऱ्या शहरावर एकच लहर पसरवितें. तें कोणा एका घराकडे तोंड करून बोलत नाहीं. कार्यक्रम कोणत्या घरांत वाजावा, हें त्या त्या घरची माणसें आपापली कळ फिरवून ठरवितात. फरक इतकाच कीं, सिलिकॉनच्या नगरींत प्रत्येक घरची कळ बाहेर बसलेल्या एकाच सूत्रधाराच्या हातीं असते.

कल्पना सुबक असली, तरी तिच्या मार्गांत एक विलक्षण अडथळा होता. खुंटी पिळल्यानें स्वर बदलतो खरा, पण फारच थोडा. इलेक्ट्रॉनच्या चाळीसएक अब्ज कंपनांच्या मानानें तो फरक क्षुल्लक असतो. तार जर मुळांतच बेसूर, थरथरती आणि कोणत्याहि जवळपासच्या स्वराला झंकारणारी असेल, तर एवढ्याशा फरकानें काय साधणार? आणि साध्या सिलिकॉनमध्यें परिस्थिति अशीच असते. नैसर्गिक सिलिकॉनमधील सुमारें ९२.२ टक्के अणु २८ वजनाचे, ४.७ टक्के २९ वजनाचे आणि ३.१ टक्के ३० वजनाचे असतात. पहिल्या व तिसऱ्या प्रकारच्या अणूंच्या केंद्रांना परिवलन नाहीं. चुंबकीय दृष्टीनें ते मुके आहेत. पण २९ वजनाच्या प्रत्येक केंद्राला परिवलन आहे, आणि हे थोडकेच अणु सतत कुजबुजत राहून क्युबिटाच्या कानांशीं गोंगाट करतात. त्यामुळें इलेक्ट्रॉनचा स्वर कित्येक दशलक्ष कंपनांच्या पट्ट्यांत इकडेतिकडे डोलत राहतो.

उपाय एकच, तो म्हणजे कुजबुजणाऱ्यांना बाहेर घालविणें. जपानमधील केइओ विद्यापीठाकडून मिळालेल्या शुद्ध सिलिकॉनच्या थरांत दर दहा लाख अणूंमागें २९ वजनाचे अवघे ८०० अणु उरले होते. त्या शांततेंत फॉस्फरसचा एक अणु बसविला, तेव्हां त्याच्या इलेक्ट्रॉनचा स्वर सुमारें १८०० कंपनांच्या रुंदीइतका रेखीव झाला. चाळीस अब्जांत अठराशें! तार इतकी सुरांत आली, कीं आतां खुंटीचा अगदीं हलका पिळाहि तिला स्वराबाहेर नेऊं शकत होता. शुद्धीकरणाचा आणि हुकमतीचा संबंध असा निकटचा आहे. ज्याला नेमकें ऐकूं येतें, त्यालाच नेमकी आज्ञा देतां येते.

दरम्यान आणखी एक कोडें सुटलें होतें. एका इलेक्ट्रॉनचें चुंबकत्व इतकें दुर्बळ असतें, कीं तें सरळ मोजणें जवळजवळ अशक्य आहे. म्हणून अणूच्या शेजारीं एक अतिसंवेदनशील ट्रान्झिस्टर ठेवण्यांत आला. निरपेक्ष शून्याच्या वर एक दशांश अंशाच्या आसपास थंडी ठेवली, तर अधिक शक्तीच्या स्थितींतील इलेक्ट्रॉन अणूवरून त्या ट्रान्झिस्टरमध्यें उडी मारूं शकतो आणि कमी शक्तीच्या स्थितींतील इलेक्ट्रॉन जागेवरच अडकून राहतो. उडी पडतांच ट्रान्झिस्टरमधील प्रवाह बदलतो. म्हणजे न दिसणारी दिशा मोजतां येण्याजोग्या प्रवाहांत उतरते. आंद्रेआ मोरेलो आणि अँड्र्यू झुराक ह्यांच्या सिडनी येथील मंडळींनीं हें वाचन २०१० सालीं साधलें. २०१२ सालीं त्यांच्यांतील जॅरिड प्ला आणि सहकाऱ्यांनीं एका अणूच्या इलेक्ट्रॉनवर लिहून दाखविलें आणि २०१३ सालीं केंद्रावरहि. २०१४ मध्यें शुद्ध सिलिकॉनमधील केंद्रानें आपली नाजूक मिश्र स्थिति ३० सेकंदांहून अधिक काळ सांभाळली. जेथें एक वळण देण्यास सेकंदाचा अत्यल्प अंश पुरतो, तेथें तीस सेकंद म्हणजे एक युगच होय.

आतां खुंटी पिळून पाहण्यास कोणताच अडसर उरला नव्हता. आर्ने लाउख्ट आणि सहकाऱ्यांनीं एप्रिल २०१५ मध्यें तो प्रयोग प्रसिद्ध केला. सूक्ष्मलहर त्यांनीं एकदां चालू केली आणि मग तिला हातच लावला नाहीं. ती अखंड वाहत होती. फॉस्फरसचा अणु तिच्या स्वरापासून किंचित् दूर ठेवलेला असल्यामुळें त्याच्या लेखीं ती जणूं नव्हतीच. मग धातूच्या पट्टीवर ठराविक काळापुरता विद्युद्दाब दिला, कीं अणु स्वरांत येई, बाण वळूं लागे, आणि दाब काढतांच तो पुन्हां बहिरा होई. इलेक्ट्रॉनवर आणि केंद्रावर अशा दोघांवरहि ही युक्ति लागू पडली. केन ह्यांच्या निबंधानंतर सतरा वर्षांनीं ‘ए गेट’ एका अणूवर प्रत्यक्षांत उतरलें.

एकालाच हांक मारण्याचा हा एकच मार्ग आहे, असें मात्र नाहीं. हॉलंडमधील डेल्फ्ट, जपानमधील रिकेन संस्था आणि अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील शास्त्रज्ञांनीं निराळी वाट धरली. त्यांच्या यंत्रांत फॉस्फरसचा अणु नसतो. सिलिकॉनच्या थरांत विद्युद्दाबाच्या भिंती उभारून त्यांत एकेक इलेक्ट्रॉन कोंडलेला असतो. ह्या कोठड्यांवर कोबाल्टचा एक अतिसूक्ष्म चुंबक बसवितात. त्याचें क्षेत्र एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जातां बदलत जात असल्यानें प्रत्येक कोठडींतील इलेक्ट्रॉनचा स्वर शेजाऱ्याहून थोडा वेगळा होतो. येथें जणूं प्रत्येकाला कायमचें नांवच दिलेलें असतें. शिवाय इलेक्ट्रॉनला विजेच्या जोरानें जागच्या जागीं मागेंपुढें हालविलें, तर त्याला हेंच असमान क्षेत्र क्षणोक्षणीं बदलत असल्याचा भास होतो आणि तेवढ्यानेंच बाण वळतो. वेगळी चुंबकीय लहर पाठविण्याची गरज राहत नाहीं. अर्थात् नांवांची ही यादी अमर्याद वाढवितां येत नाहीं. स्वरांची पट्टी ठराविक लांबीची आहे, आणि तिच्यावर गर्दी झाली कीं एकाची हांक दुसऱ्याला ऐकूं जाऊं लागते.

तिसरी वाट एका अपघातानें सांपडली. मोरेलो ह्यांच्या प्रयोगशाळेंत अँटिमनी ह्या मूलद्रव्याचा एक अणु सिलिकॉनमध्यें बसविलेला होता. अँटिमनीचें केंद्र आठ निरनिराळ्या स्थितींत राहूं शकतें, म्हणून त्याचें आकर्षण विशेष. त्याला वळविण्यासाठीं चुंबकीय लहर सोडणारी जी तार होती, तिच्यांतून जोराची शक्ति पाठवितां पाठवितां ती तुटली. प्रयोग संपला असें वाटावयाचें, पण केंद्र वळतच राहिलें! तपासाअंतीं कळून आलें कीं, तुटलेल्या तारेचें टोंक आतां चुंबकीय क्षेत्राऐवजीं विद्युत् क्षेत्र निर्माण करीत होतें आणि केंद्र त्यालाच दाद देत होतें. विद्युत् क्षेत्रानें अणुकेंद्र हालवितां येईल, असें निकोलास ब्लोएम्बर्गेन ह्यांनीं १९६१ सालींच सुचविलें होतें. एकट्या केंद्राच्या बाबतींत त्याची प्रचीति येण्यास २०२० साल उजाडावें लागलें. ह्या शोधाचें मोल असें कीं, चुंबकीय क्षेत्र दूरवर पसरतें, पण विद्युत् क्षेत्र धातूच्या एका टोंकाजवळ आखडून ठेवतां येतें. म्हणजे येथें गर्दींत ओरडावयाचें नाहीं, तर एकाच्या कानाशीं लागून कुजबुजावयाचें आहे.

ह्या तिन्ही मार्गांच्या मुळाशीं एकच पेंच आहे. क्युबिटानें आपली नाजूक स्थिति सांभाळावी, म्हणून त्याला जगापासून अलग ठेवावें लागतें. आणि त्यानें आज्ञा पाळावी, म्हणून जगाशीं त्याचा कांहीं तरी संबंध ठेवावा लागतो. ज्या दारानें हुकूम आंत जातो, त्याच दारानें गोंगाटहि आंत शिरतो. विद्युद्दाबानें स्वर बदलतो म्हणून तर खुंटीचा उपयोग, पण मग त्याच तारेवरील विजेची बारीकसारीक चलबिचलहि स्वर हालविणार. दार सर्वस्वीं बंद केलें, तर क्युबिट निवांत राहील, पण निरुपयोगी होईल. सताड उघडें टाकलें, तर तो आज्ञाधारक होईल, पण त्याची स्मृति टिकणार नाहीं. ह्या क्षेत्रांतील सारें कौशल्य दार किती, केव्हां आणि कोणासाठीं किलकिलें करावें, हें ठरविण्यांत आहे.

हें कौशल्य कोठवर आलें आहे, त्याचें एक माप २०२२ च्या जानेवारींत मिळालें. चुका होत राहिल्या तरी त्या वेळींच हुडकून दुरुस्त करण्याच्या रीति गणितज्ञांनीं शोधून काढल्या आहेत. परंतु त्यांतील प्रमुख रीत लागू पडण्यास दर शंभर क्रियांत चुकीचें प्रमाण साधारणपणें एकाहून कमी असावें लागतें. क्युबिटांच्या जोडीवर होणाऱ्या क्रिया ह्या सर्वांत अवघड. सिलिकॉनमध्यें अशी पहिली जोडक्रिया सिडनी येथें २०१५ सालीं झाली. सात वर्षांनंतर एकाच वेळीं तीन संस्थांनीं आपले निकाल प्रसिद्ध केले. जोडक्रियेचा अचूकपणा डेल्फ्ट येथें ९९.६५ टक्के, रिकेन येथें ९९.५१ टक्के आणि सिडनी येथें फॉस्फरसच्या दोन केंद्रांवर ९९.३७ टक्के भरला. तिन्ही आंकडे उंबरठ्याच्या आंतले होते.

परंतु दोघांवर राज्य करणें वेगळें आणि लाखोंवर करणें वेगळें. चुका दुरुस्त करीत उपयुक्त गणितें करणाऱ्या यंत्रास लाखों क्युबिट लागतील, असा अंदाज आहे. प्रत्येकाला दोन-चार स्वतंत्र तारा द्यावयाच्या म्हटल्या, तर त्या तारांनाच जागा पुरणार नाहीं, आणि प्रत्येक तार बाहेरच्या उबदार जगांतून थोडी थोडी उष्णता आंत वाहून नेणार. शून्याजवळच्या थंडींत शीतयंत्राची शक्ति फार तुटपुंजी असते. म्हणून क्युबिटांना थोड्या अधिक उबेंत काम करावयास शिकविणें, ही एक दिशा झाली. २०२० सालीं सिडनी आणि डेल्फ्ट येथील मंडळींनीं अनुक्रमें सुमारें १.५ आणि १.१ केल्विन तपमानांत क्युबिट चालवून दाखविले. आंकडे लहान दिसले, तरी पूर्वींच्या मानानें ही दसपट ऊब आहे, आणि तेथें शीतयंत्राला कितीतरी अधिक उष्णता ओढून काढतां येते. दुसरी दिशा केन ह्यांच्याच मूळ कल्पनेकडे परत जाते. २०२१ सालीं सिडनी येथें चकतीच्या वर पोटॅशियम टँटलेटचा एक स्फटिक ठेवून त्याच्या साहाय्यानें साऱ्या तुकड्यावर एकसारखी सूक्ष्मलहर पसरविण्यांत आली, आणि तिनें खालील इलेक्ट्रॉनचा बाण वळविला. जवळ जवळ बसविलेल्या, उष्णता ओकणाऱ्या असंख्य तारांऐवजीं वर एकच ध्वनिक्षेपण आणि खालीं प्रत्येकाची आपापली कळ, अशी ही व्यवस्था आहे.

तिसरी दिशा नेहमींच्या संगणकाच्या स्मृतिपटाकडून उसनी घेतलेली आहे. त्या पटांतील दहा लाख खणांना दहा लाख तारा लागत नाहींत. एक हजार आडव्या आणि एक हजार उभ्या तारांनीं सर्व खणांना गांठतां येतें, कारण एक आडवी आणि एक उभी तार जेथें छेदतात, तो खण एकुलता एक असतो. ही युक्ति क्युबिटांना लावण्याच्या योजना पुढें आल्या आहेत. परंतु तिला एक अट आहे. एका तारेवरचे सर्व खण एकाच विद्युद्दाबाला एकसारखे वागले पाहिजेत. आणि येथें निसर्गाच्या टांकसाळीचें तें मूळ वरदान थोडें फिकें पडतें. फॉस्फरसचे अणु स्वतः सारखे असले, तरी त्यांचे शेजार सारखे नसतात. वरील धातूची पट्टी थंडींत आक्रसून स्फटिकाला ओढ देते. जवळपास अडकलेला एखादा विद्युद्भार ढग सरकवितो. पृष्ठभाग एके ठिकाणीं गुळगुळीत, तर दुसरीकडे खडबडीत असतो. त्यामुळें प्रत्येकाची खुंटी थोडी वेगळ्या जागीं लागते, आणि ती जागाहि तासागणिक किंचित् सरकते. मैफलींत गवई मधूनमधून थांबून तंबोरा पुन्हां जुळवून घेतात, तसें ह्या यंत्रालाहि आपले स्वर पुन्हांपुन्हां जुळवावे लागतात. दोन-चार क्युबिटांचें हें जुळवणें माणसानें करावें. लाखोंचें जुळवणें यंत्रानेंच यंत्राचें केलें पाहिजे, आणि त्या रीति बसविण्याचें काम सध्यां चालू आहे.

म्हणून ह्या विषयाच्या बातम्या वाचतांना चकतीवर किती क्युबिट बसविले, एवढाच आंकडा पाहून भागणार नाहीं. त्यांतील प्रत्येकाला, शेजाऱ्याची झोंप न मोडतां, एकट्याला उठवितां येतें काय, त्याला हवें तितकेंच वळवून पुन्हां निवांत ठेवतां येतें काय, आणि हें काम शंभरांत एकाहून कमी चुकांनीं दिवसेंदिवस चालतें काय, असे तीन प्रश्न सुज्ञ वाचकानें त्या बातमीला विचारावे. सिलिकॉनमधील एका अणूनें ह्यांतील पहिल्या दोहोंस होकार दिला आहे. लाखों अणूंचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.